रिकाम्या डब्यातला घास: लहान मुलांच्या वाचोपचारात लुटुपुटीचा खेळ कसा वापरावा

दोन-अडीच वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून पालक त्याला वाचोपचारासाठी (स्पीच थेरपीसाठी) घेऊन येतात, तेव्हा पहिल्या भेटीत बहुतेक वेळा एकच दृश्य दिसते. आई किंवा आजी पिशवीतून चित्रांचे पुस्तक काढते, हत्तीवर बोट ठेवते आणि म्हणते, "हे काय? सांग बघू बाईंना, हे काय?" मूल मान फिरवते. तेवढ्यात त्याला कोपऱ्यातला रिकामा डबा दिसतो. ते झाकण उघडते, आत हात घालते, काहीतरी उचलल्यासारखे करते आणि तो हात आजीच्या तोंडाशी नेते. आजीचे लक्ष अजून हत्तीवरच असते, त्यामुळे तो घास तसाच राहतो. माझ्या दृष्टीने त्या भेटीतली सर्वांत मोलाची घटना तीच असते, कारण जे मूल रिकाम्या डब्यातून घास काढू शकते, त्याच्या मनात भाषेची तयारी सुरू झालेली असते.

हे मार्गदर्शन पालकांसाठी, अंगणवाडी आणि बालवाडीत काम करणाऱ्यांसाठी, तसेच नव्याने या कामात आलेल्या वाचोपचारतज्ज्ञांसाठी आहे. त्यात पायऱ्या आहेत, उदाहरणे आहेत आणि काही सूचना आहेत, परंतु त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: लुटुपुटीच्या खेळात मुलाची परीक्षा घ्यायची नसते, आपण त्या खेळातले एक पात्र व्हायचे असते.

खेळ आणि शब्द यांचे नाते

घास नसताना तो आहे असे मानणे आणि "बांगडा" हा उच्चार ऐकून समोर नसलेला मासा मनात आणणे, या दोन्हींत एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीची जागा घेते. शब्द म्हणजे तरी काय, ज्या आवाजाचा त्या वस्तूशी नैसर्गिक संबंध नाही असा आवाज त्या वस्तूच्या जागी ठेवणे. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अनुकरण, लुटुपुटीचा खेळ आणि भाषा यांचा विचार एकाच प्रतीकक्षमतेची अंगे म्हणून केला. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या खेळाविषयीच्या व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचे उदाहरण घेतले आणि अशा खेळात अर्थ वस्तूपासून सुटा होऊ लागतो, असे मांडले. गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात शिगम्याच्या उत्सवात घोडेमोडणीचा नाच पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधलेला माणूस आपल्या दोन पायांवर नाचत असतो, आणि तरीही पाहणाऱ्यांपैकी प्रत्येकाला घोडाच दिसतो.

मात्र या नात्याचा अर्थ ताणू नये. मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा लुटुपुटीच्या खेळामुळेच विकास होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. भाषेच्या बाबतीत खेळ हे कारण असणे शक्य आहे, पण इतर स्पष्टीकरणेही तितकीच शक्य आहेत. मी हे पालकांपासून लपवत नाही, कारण त्यातून एक उपयोगी गोष्ट निघते. स्वयंपाकघराचा महागडा प्लास्टिकचा संच आणून मुलाला त्याच्यासमोर एकटे बसवले, तर भाषा आपोआप येईल असे मानायला आधार नाही. खेळ ही भाषेसाठी मिळालेली जागा आहे. तिथे भाषा आणणारे माणूस असावे लागते.

आधी मूल कोणत्या पायरीवर आहे ते पाहावे

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नये. घरातली चार-पाच ओळखीची भांडी, एक बाहुली, एक फडके आणि एक गाडी जमिनीवर ठेवावी आणि दहा मिनिटे मुलाच्या शेजारी बसून फक्त पाहावे. कॅरल वेस्टबी यांनी १९८० साली मांडलेल्या खेळाच्या मोजपट्टीसारखी साधने तज्ज्ञांकडे असतात, पण घरी पाहण्यासाठी ढोबळ क्रम माहीत असला तरी पुरते.

सुमारे एक वर्षाचे मूल रिकामा कप स्वतःच्या ओठांना लावते किंवा उशीवर डोके ठेवून झोपल्याचे सोंग करते. खेळ स्वतःपुरता असतो. दीड वर्षाच्या सुमारास तोच कप बाहुलीच्या किंवा आजोबांच्या तोंडाशी जातो. दोन वर्षांच्या आसपास दोन-तीन कृती एकामागून एक येतात: ओतणे, ढवळणे, भरवणे. त्याच सुमारास आणि पुढच्या वर्षभरात एक वस्तू दुसरीची जागा घेऊ लागते. प्रथम आकाराने जवळची वस्तू चालते, म्हणजे करवंटीचे पातेले होते. पुढे कोणतीही वस्तू काहीही होऊ शकते आणि शेवटी हातात काही नसतानाही चहा ओतता येतो. तिसऱ्या वर्षानंतर मूल भूमिका घेते, "मी डॉक्टर, तू आजारी" असे ठरवते, आणि चार-पाच वर्षांची मुले एकत्र येऊन आधी बेत करतात, मग खेळतात, भांडतात आणि बेत बदलतात. ही वये सरासरीची आहेत. दोन-तीन महिन्यांच्या फरकाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

भाषेचा क्रम साधारण याच्या जवळून जातो. पहिले शब्द आणि पहिली सोंगे एकाच सुमारास दिसतात, तर दोन शब्दांची जोडणी आणि दोन कृतींची जोडणीही बऱ्याच मुलांत जवळपास येते. यावरून मी एक नियम पाळते: एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवावी. खेळ ओळखीचा असेल तर शब्द नवा आणावा. खेळ नवा असेल तर मुलाला येणारेच शब्द वापरावेत. बाहुलीला भरवणे मुलाला पाठ झाले असेल, तर त्या दिवशी "गरम" हा शब्द आणता येतो. परंतु बाहुलीला पहिल्यांदाच दवाखान्यात नेत असताना त्याच दमात तपासणे, इंजेक्शन आणि औषध हे तिन्ही शब्द लादले, तर मूल दोन्ही सोडून गाडीकडे वळते.

साहित्य थोडे, ओळखीचे आणि थोडे अपुरे

खेळाच्या पहिल्या पायऱ्यांवर असलेल्या मुलाला खऱ्यासारखी वस्तू लागते. त्याच्यासाठी खरा चमचा, खरी वाटी, खरे फडके उत्तम. मूल पुढच्या पायरीवर गेले की वस्तू मुद्दाम कमी खऱ्या कराव्यात: चमच्याऐवजी आइस्क्रीमची काडी, मग नुसते बोट. एका वेळी समोर तीन-चार वस्तूंपेक्षा जास्त नसाव्यात, कारण खेळण्यांच्या ढिगात मूल वस्तू उचलते आणि टाकते, खेळाचा प्रसंग तयारच होत नाही. एखादी आवश्यक वस्तू जाणूनबुजून विसरावी. भात शिजला आहे, बाहुली वाट पाहते आहे, आणि चमचा कुठेच नाही. या अडचणीत मुलाला आपल्याकडे वळावे लागते, आणि वळणे हा संवादाचा आरंभ आहे.

पोदेराचा खेळ, सविस्तर

प्रसंग निवडताना मुलाने रोज पाहिलेले निवडावे. पिझ्झाच्या दुकानाचा तयार संच बाजारात मिळतो, पण गोव्यातल्या बहुतेक मुलांनी सकाळ-संध्याकाळ ऐकलेला आवाज पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याचा असतो, आणि म्हणून मी बहुतेक वेळा त्या खेळाने सुरुवात करते. त्याची आणखी एक सोय आहे. "पों पों" आणि "पाव" या दोन्हींची सुरुवात "प" ने होते. हा आवाज दोन्ही ओठ मिटून निघतो, मुलाला आपल्या चेहऱ्यावर तो दिसतो, आणि बहुतेक मुलांना तो लवकर जमतो.

साहित्य म्हणजे एक टोपली, वर टाकायला कापड आणि वर्तमानपत्राचे पाच-सहा बोळे. पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने पोदेर व्हावे आणि मुलाने गिऱ्हाईक, कारण गिऱ्हाइकाची भाषा छोटी असते. दाराबाहेरून "पों पों" करत यावे, मुलासमोर थांबावे, टोपली खाली ठेवावी आणि गप्प राहावे. हे गप्प राहणे सर्वांत कठीण असते. मनातल्या मनात पाच ते दहा आकडे मोजावेत, चेहरा उत्सुक ठेवावा, पण "बोल ना, काय पाहिजे?" असे म्हणू नये. मुलाने नुसते पाहिले, हात पुढे केला, कापड ओढले किंवा "प" एवढाच आवाज काढला, तरी ते मागणे समजावे आणि लगेच म्हणावे, "पाव! पाव हवा. घे पाव." मुलाने हे शब्द परत म्हणावेत अशी अपेक्षा ठेवू नये. एक बोळा द्यावा, "पों पों" करत दोन पावले पुढे जावे आणि परत यावे. पाच बोळे म्हणजे "पाव" हा शब्द योग्य क्षणी ऐकण्याच्या आणि वापरण्याच्या निदान पाच संधी. आजी शेजारी असेल तर तिने दुसरे गिऱ्हाईक व्हावे आणि मुलाच्या आधी एकदा स्वतः पाव मागावा. मुलाला कोणी शिकवत नाही, पण गिऱ्हाईक काय म्हणते ते त्याला ऐकू येते.

एक शब्द स्थिर झाला की त्याला दुसरा जोडावा: "आणखी पाव", "मोठा पाव", "आजीला पाव", "पाव गरम, फू फू". पुढे उंडो, पोई, कांकण अशी पावांची नावे येतात आणि आकारही येतात. कागदाचे गोल कांकण केले, तर बरीच मुले ते खाण्याऐवजी हातात घालतात. अशा वेळी मूल चुकले असे समजू नये. त्याने आपल्यापेक्षा चांगला खेळ सुचवला आहे असे मानावे आणि बांगड्यांच्या खेळामागे जावे. पावाकडे नंतर येता येते.

खेळ दोन-तीन दिवसांत गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत झालेल्या खेळात बोलण्याची गरज उरत नाही, म्हणून मग त्यात छोटी संकटे आणावीत. टोपली उघडली तर रिकामी: "अरे! पाव संपले." पावाऐवजी पोदेराने चप्पल दिली. सायकल पंक्चर झाली. कुत्रा पाव घेऊन पळाला. चप्पल हातात पडलेले मूल खळखळून हसते आणि बहुधा "नाही!" म्हणते, तो नकार भाषेत मागणीइतकाच महत्त्वाचा असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून याच संकटांतून कारण सांगणारी वाक्ये निघतात: "पाव नाय, कारण कुत्र्याने खाल्ला." मूल तयार झाले की भूमिका बदलावी. आता ते पोदेर, आपण गिऱ्हाईक. आता त्याला "किती?", "कोणाला?", "पैसे दे" असे म्हणायचे असते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला विचारणारा व्हायचे असते, आणि "मी" व "तू" यांची अदलाबदल समजायला याहून चांगला वर्ग मला माहीत नाही.

मोठ्या माणसाने काय बोलावे

पालक आणि नवे थेरपिस्ट सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. खेळताना आपले बोलणे पाहिले, तर त्यात प्रश्नांचा भरणा असतो: हे काय, रंग कुठला, किती आहेत, आवाज कसा काढतो. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, अशा प्रश्नाने खेळ मोडतो, कारण पोदेराला गिऱ्हाईक कधी "पावाचा रंग कुठला?" असे विचारत नाही. मी पालकांना सांगते की एक प्रश्न विचारण्यापूर्वी चार साधी वाक्ये बोलावीत. स्वतः काय करतो ते सांगावे: "मी भात ढवळते." मूल काय करते ते सांगावे: "बाळाला झोपवलंस." वाक्य मुलाच्या वाक्यापेक्षा एक-दोन शब्दांनीच लांब असावे. एकेका शब्दावर असलेल्या मुलाला दहा शब्दांचे वाक्य म्हणजे नुसता आवाज वाटतो.

मूल जे बोलेल ते थोडे वाढवून परत द्यावे. मूल म्हणाले, "बाळ झोप," तर आपण म्हणावे, "हो, बाळ झोपलं." चूक दाखवू नये, "असं नाही, असं म्हण" म्हणू नये, बरोबर रूप सहज कानावर पडू द्यावे. मराठीत याला विशेष महत्त्व आहे, कारण आपली क्रियापदे लिंगाप्रमाणे बदलतात आणि मुलाला ते ऐकूनच पकडावे लागते. म्हणून मी खेळात तीन पात्रे ठेवते: एक बाहुला, एक बाहुली, एक बाळ. तिघांना एकाच घसरगुंडीवरून सोडायचे. "बाहुला पडला. बाहुली पडली. बाळ पडलं." दहा मिनिटांत ही तीन रूपे तीस वेळा येतात आणि कोणालाही व्याकरण शिकवल्यासारखे वाटत नाही. घरात कोकणी असेल, तर "पडलो, पडली, पडलें" असे तेच तिन्ही भेद मिळतात.

विभक्ती प्रत्ययांचेही तसेच आहे. "बाळाला भात, आजीला भात, मनीला भात" असे वाढत गेले की "ला" हा प्रत्यय वेगळा ऐकू येऊ लागतो. वस्तू लपवण्याच्या खेळात "टोपलीत", "गादीवर", "उशीखाली" येतात. "बाळाने भात खाल्ला, बाळाने पोळी खाल्ली, बाळाने केळं खाल्लं" ही वाक्ये बरीच नंतरची आहेत, कारण तिथे क्रियापद खाणाऱ्याचे न ऐकता खाल्लेल्या वस्तूचे ऐकते. चार वर्षांचे मूल त्यात चुकले तर आश्चर्य वाटू नये. भातुकलीच्या पंगतीत ही वाक्ये जितक्या सहज येतात तितकी ती कोणत्याही तक्त्यावरून येत नाहीत.

एका पद्धतीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. वस्तू उंच धरून "बोलल्याशिवाय देणार नाही" असे म्हणत मूल रडेपर्यंत थांबणे अनेक घरांत आणि काही उपचारवर्गांतही चालते. वाट पाहणे आणि अडवणे यांत फरक आहे. वाट पाहताना मुलाला बोलायला जागा मिळते आणि त्याने खुणेने सांगितले तरी ते पुरेसे मानले जाते. अडवताना मात्र मुलाला एवढेच कळते की शब्द न आल्यामुळे आपली शिक्षा होते. ज्या मुलाला शब्द येतच नाही, त्याच्यावर हा अन्याय आहे. खूण, बोट दाखवणे, चित्र पुढे करणे हेही बोलणेच आहे, आणि ते स्वीकारल्याने शब्द यायचे थांबत नाहीत.

कोणत्या भाषेत खेळावे

गोव्यातल्या घरात आजी कोकणीत बोलते, वडील मराठी वर्तमानपत्र वाचतात, बालवाडी इंग्रजी माध्यमाची असते आणि शेजारी हिंदीत हाक मारतात. मूल उशिरा बोलू लागले की पालकांना बऱ्याचदा सल्ला मिळतो की घरची भाषा बंद करून फक्त इंग्रजीत बोला. हा सल्ला चुकीचा आहे. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने भाषाविकासाचा विकार होत नाही. मोठ्या माणसाला जी भाषा मनापासून येते, जिच्यात त्याला लाड करता येतात, रागावता येते आणि गंमत करता येते, त्याच भाषेत त्याने खेळावे. ज्या आईला इंग्रजीत "चल, बाळाला न्हाऊ घालू" म्हणताना शब्द शोधावा लागतो, तिच्या खेळातली सारी मजा त्या शोधात संपते. शब्द मोजताना सर्व भाषांतले मिळून मोजावेत. मूल आजीजवळ "उदक" आणि आईजवळ "पाणी" म्हणत असेल, तर त्याला दोन शब्द येतात, आणि कोणाजवळ कोणता वापरायचा हेही येते.

आणखी काही प्रसंग

बाहुलीला न्हाऊ घालणे हा सर्वांत लहान मुलांसाठी उत्तम खेळ आहे. अवयवांची नावे, "ओलं" आणि "कोरडं", आणि ठरलेला क्रम त्यात असतो. बसचा खेळ खुर्च्यांच्या रांगेवर होतो. कंडक्टर झालेले मूल "पणजी पणजी पणजी" ओरडते, "फुडें वच" (पुढे जा) म्हणते, शिटी वाजवते; ज्यांचा आवाज फार हळू निघतो किंवा जी मुले चारचौघांत बोलायला बुजतात, त्यांना या भूमिकेत मोठ्याने बोलायला मोकळीक मिळते. मासळीबाजाराच्या खेळात बांगडे, सुंगटे, तिसऱ्या यांची नावे तर येतातच, पण घासाघीस येते: मागणे, नाकारणे, पुन्हा विचारणे. फेरीबोटीसाठी पुठ्ठ्याचा खोका पुरतो. गाड्या चढवायच्या, माणसे चढवायची, बोट सोडायची आणि पलीकडे सगळे उतरवायचे, यात "आधी" आणि "मग" पुन्हा पुन्हा लागतात, आणि हेच दोन शब्द पुढे गोष्ट सांगायला लागतात. चतुर्थीच्या सुमारास माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट, बांधण्याचा खेळ घ्यावा. दोरीला फळे, पाने, नारळ टांगताना "बांध", "धर", "सुटलं" अशा क्रियापदांची चंगळ असते, आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांना नामांइतकीच क्रियापदांची गरज असते, हे आपण फार वेळा विसरतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी जत्रेतल्या नाटकाचा आधार घेता येतो. गावातल्या देवळाच्या उत्सवात शेजारचा काका राजा होऊन मराठीत संवाद म्हणतो, हे इथल्या मुलाने पाहिलेले असते. ओढणीचा पडदा करावा, राजा, राक्षस आणि एक अडचण ठरवावी, आणि मुलांनाच पुढे काय होते ते ठरवू द्यावे. खेळ संपल्यावर तो न पाहिलेल्या कोणाला तरी, म्हणजे कामावरून आलेल्या बाबांना, मुलाने सांगावा. खेळलेली गोष्ट सांगणे ऐकलेली गोष्ट सांगण्यापेक्षा सोपे असते, कारण ती अंगाने केलेली असते.

जी मुले असे खेळत नाहीत

काही मुले गाडी चालवत नाहीत, तिचे चाक फिरवत बसतात. काही सर्व वस्तू रांगेत लावतात. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांमध्ये लुटुपुटीचा खेळ उशिरा येणे किंवा फार कमी असणे नेहमी आढळते. अशा मुलाच्या हातातली गाडी काढून घेऊन बाहुली देण्याने काही साधत नाही. त्याच्या शेजारी बसावे, आपणही एक चाक फिरवावे, त्याने आपल्याकडे पाहिल्यावर एक लहान भर घालावी: चाक थांबले, "थांबलं!", पुन्हा फिरवले, "फिरलं!". पुढे ती गाडी एका उशीपर्यंत न्यावी आणि तिथे एखादे माणूस उभे करावे. यात आठवडे जाऊ शकतात, आणि जाऊ द्यावेत. मूल कार्टूनमधले संवाद जसेच्या तसे म्हणत असेल, तर ते निरर्थक समजून थांबवू नयेत; तो संवाद कोणत्या प्रसंगात आहे ते शोधून तोच प्रसंग खेळायला घ्यावा. खेळाचे टप्पे चित्रांच्या पट्टीवर दाखवले तर काही मुलांना पुढे काय होणार हे कळते आणि ती शांत होतात.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणसाधन) असलेल्या मुलाबरोबर खेळताना पंखा आणि टीव्ही बंद ठेवावा, आपला चेहरा उजेडात असावा आणि वस्तू दाखवण्यापूर्वी तिचा आवाज किंवा नाव ऐकवावे. पोदेर आधी ऐकू यावा, मग दिसावा. हातापायांची हालचाल कठीण असलेल्या मुलाने नजरेने किंवा चित्राने हुकूम द्यावा आणि आपण त्याचे हात व्हावे. खेळाचा मालक मात्र तेच राहिले पाहिजे.

रोजचा वेळ आणि नोंद

आठवड्यातून एकदा-दोनदा होणाऱ्या उपचाराच्या तासाइतकीच, किंबहुना अधिक, घरातली रोजची दहा मिनिटे महत्त्वाची असतात. वेळ ठरलेली असावी, फोन दुसऱ्या खोलीत असावा, आणि एकच खेळ किमान आठवडाभर चालावा. मोठ्यांना कंटाळा येतो म्हणून आपण रोज नवा खेळ आणतो. मुलाला मात्र तीच गोष्ट पुन्हा हवी असते, कारण काय घडणार हे माहीत असल्यावरच त्याला बोलण्याकडे लक्ष देता येते. उपचारवर्गात पालकांनी आत बसावे आणि खेळात भाग घ्यावा. पालकांना बाहेर बसवून मुलाला आत घेण्याची पद्धत बोलणाऱ्या लहान मुलांसाठी कधी सोयीची असेलही, पण या वयात आणि या कामात ती मला पटत नाही, कारण पुढचे सहा दिवस खेळणारे माणूस बाहेरच्या बाकावर बसलेले असते.

एक वही ठेवावी. तिच्यात "आज चांगला बोलला" असे लिहू नये, मूल जे बोलले ते जसेच्या तसे, तारखेसह लिहावे: "पा, आजी पा, पाव ना." शेजारी तो शब्द आपण म्हटल्यावर आला की आपणहून आला, एवढे लिहावे. आपणहून येणारे शब्द वाढणे ही खरी प्रगती.

तज्ज्ञांकडे कधी जावे

दोन वर्षे पूर्ण झाली तरी मूल ५० पेक्षा कमी शब्द वापरत असेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, दीड वर्षानंतरही बोट दाखवून काही सांगत नसेल, खोटा घास किंवा खोटा फोन असे काहीच करत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गमावत असेल, तर वाट पाहू नये. "याचे बाबाही उशिरा बोलले" हे खरे असले तरी तपासणी टाळण्याचे कारण होत नाही. सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. मूल आवाजाकडे वळते म्हणून त्याला नीट ऐकू येते असे गृहीत धरू नये, कारण काही आवाज ऐकू येऊन काही न येणे शक्य असते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीत भाषाविकासातला विलंबही पाहिला जातो, त्यामुळे अंगणवाडी सेविकेकडे विषय काढणे हीही चांगली सुरुवात आहे. खासगी तज्ज्ञाकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारून घ्यावी. हे विचारण्यात संकोच नसावा.

पहिल्या भेटीला येताना श्रवणचाचणीचा अहवाल, शब्दांची वही आणि मूल घरी आपल्या मनाने खेळत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण आणावे. चित्रीकरण करताना मुलाला काही विचारू नये, फक्त कॅमेरा धरावा. त्याच्या आवडीची एक वस्तूही आणावी, मग ती डब्याचे झाकण असली तरी चालेल.